फिल्मचे माप आणि जुन्या कॅमेऱ्यांचे आयुष्य

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची हौस सर्व सुशिक्षित समाजांत आढळते. नाणी, टपालाची तिकिटे, दिवे, घड्याळे यांच्या संग्राहकांप्रमाणे कॅमेऱ्यांचे संग्राहकही आहेत. तथापि या शेवटच्या वर्गाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिवकालीन होन मिळाला म्हणून तो घेऊन कोणी बाजारहाट करावयास जात नाही. परंतु सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा कॅमेरा हाती आलेला मनुष्य बहुधा प्रथम त्यात फिल्म भरून पाहतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंकीय कॅमेऱ्याने फिल्मला व्यवहारातून जवळजवळ हद्दपार केले, तरीही ही प्रवृत्ती नष्ट झाली नाही. किंबहुना २०१० नंतरच्या काळात ती वाढीस लागल्याचे दिसते.

या आकर्षणाचे कारण सामान्यतः गतकालाविषयीची ओढ असे सांगितले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नसले तरी अपुरे आहे. आज फिल्मचा कॅमेरा वापरणाऱ्यांत अशी पुष्कळ तरुण मंडळी आहेत की ज्यांनी घरात फिल्म कधी पाहिलीही नव्हती. जे अनुभवलेच नाही त्याची हुरहुर कशी वाटावी? शिवाय गतकालाच्या ओढीने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तितक्याच कौशल्याने बनविलेल्या आणि तितक्याच जुन्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक आजही खांद्यावर मिरवतो आणि दुसरा कपाटात निमूट पडून राहतो, असे का व्हावे? याचे उत्तर कॅमेऱ्याच्या घडणीत शोधण्यापेक्षा त्यात भरावयाच्या फिल्मच्या मापात शोधणे अधिक फलदायी आहे, असे या विषयाचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

या मापांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीचे. त्याचा जन्म छायाचित्रणात झाला नाही, चलच्चित्रात झाला. एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विल्यम डिक्सन याने १८९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, ईस्टमनच्या कारखान्यातून आलेली सुमारे ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध चिरून ही पट्टी सिद्ध केली. तिच्या दोन्ही कडांना, प्रत्येक चित्रास चार याप्रमाणे, छिद्रे पाडण्याची पद्धत त्याने घातली. १९०९ साली चित्रपटव्यवसायाने हे माप आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य केले. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी त्याबरोबर पट्टीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले होते. कारण कोरी फिल्म छिद्रांवाचून मिळे आणि ती छिद्रे निर्मात्यानेच पाडून घ्यावयाची असत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखविला गेला, तो याच मापाच्या पट्टीवर.

त्याच सुमारास जर्मनीतील वेट्झलार या गावी, सूक्ष्मदर्शक यंत्रे बनविणाऱ्या अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ चित्रपटाच्या याच पट्टीचा निराळा उपयोग करून पाहत होता. बार्नाकला दम्याचा विकार होता. काचेच्या तबकड्या आणि लाकडी तिवई घेऊन डोंगरदऱ्या चढणे त्याला झेपत नसे. त्याने पट्टी उभी न चालविता आडवी चालविली आणि चित्रपटाची १८ × २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ × ३६ अशी केली. चाराऐवजी आठ छिद्रांना एक चित्र, एवढाच हा बदल होता. १९१३-१४ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. पण मध्ये महायुद्ध आले. १९२३ साली वीस-पंचवीस नमुने चाचणीसाठी बनविण्यात आले, १९२४ साली दुसऱ्या अर्न्स्ट लाइट्झने धोका पत्करण्याचा निर्णय दिला आणि १९२५ च्या वसंतातील लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांसमोर आला. 'लायका' हे त्याचे नाव लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांच्या पहिल्या अवयवांचा जोड आहे. ईस्टमनने १८८८ साली बनविलेला 'कोडॅक' हा शब्द याच्या नेमका उलट, म्हणजे कोणत्याही भाषेत कसलाही अर्थ नसलेला, मुद्दाम घडविलेला ध्वनिसमूह होय. नव्या वस्तूला नाव देण्याच्या या दोन तऱ्हांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. येथे तो विषयांतर ठरेल.

बार्नाकच्या कॅमेऱ्याचे यश त्याच्या घडणीत होते हे खरे. मॅक्स बेरेक याने त्यासाठी आखलेले ५० मिलिमीटरचे भिंग उत्कृष्ट होते, आणि १९३२ च्या नमुन्यात अंतरमापकही आला. परंतु त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य निराळे आहे. आरंभी वापरणाऱ्याला अंधाऱ्या खोलीत चित्रपटाच्या फिल्मचा तुकडा कापून स्वतः डबीत भरावा लागे. १९३४ साली कोडॅकने श्टुटगार्टच्या आपल्या कारखान्यात बनलेल्या रेटिना कॅमेऱ्याबरोबर भरलेली तयार डबी बाजारात आणली आणि तिला १३५ हा क्रमांक दिला. ही डबी लायकातही बसे. म्हणजे प्रतिस्पर्धी कारखान्याने केलेल्या सोयीचा लाभ लाइट्झलाही मिळाला, आणि एका कारखान्याची युक्ती सर्वांची रूढी बनली. १९३४ साली खारकॉव्ह येथे मकारेंकोच्या बालकांच्या श्रमवसाहतीत लायकाची नक्कल करून 'फेड' हा कॅमेरा तयार होऊ लागला, तोही याच मापाचा. फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे म्हणजे 'फेड'. जपानात निकॉन कंपनीने १९४८ साली आपला पहिला कॅमेरा काढला, तेव्हा चौकट २४ × ३२ ठेवून एका डबीत चाळीस चित्रे बसविण्याची काटकसर योजिली. हा विचार गणिताने अगदी निर्दोष होता. पण बाजारातील पारदर्शिका कापणारी आणि चौकटीत बसविणारी यंत्रे २४ × ३६ साठी केलेली असल्यामुळे निर्यातीस अडचण आली. पुढे कंपनीने ३४ पर्यंत आणि १९५४ च्या नमुन्यात ३६ पर्यंत येऊन प्रमाणापुढे मान तुकविली. आता त्या पहिल्या, चुकलेल्या मापाच्या नमुन्यांसाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात. हा विनोद इतिहासाने आपण होऊन केलेला आहे.

दुसरे दीर्घायुषी माप १२० या क्रमांकाचे. ते १९०१ साली कोडॅकने दुसऱ्या क्रमांकाच्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढले. त्याच्या आदल्याच वर्षी पहिला ब्राउनी एका डॉलरला विकावयास काढून ईस्टमनने कॅमेरा मुलांच्या हाती दिला होता. या मापात फिल्मला पाठीमागे कागद जोडलेला असतो आणि त्यावर आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा लाल खिडकीतून आकडा पाहून रोल पुढे सरकवावयाचा. पुढे निघालेल्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांना या खिडकीची गरज उरली नाही. तरी आजही नव्याने बनणाऱ्या १२० च्या कागदावर ते आकडे छापले जातातच. उच्चारातून गेलेली अक्षरे लेखनात टिकून राहावीत तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच की येथे ती अक्षरे वाचणारा कोणी तरी अद्याप आहे. १९५० नंतरच्या दशकातील आगफा क्लिक ३ भारतातही तयार होत असे आणि मध्यमवर्गीय घरांत तो पुष्कळ पोहोचला. त्याच्यावर लाल खिडकी होती, त्यात १२० चा रोल बसे आणि त्यावर बारा चौरस चित्रे निघत. अशा एखाद्या घरात जपून ठेवलेला क्लिक ३ आजही बाजारातला रोल घालून चालविता येतो. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' छापाचा रोल मात्र आता मिळत नाही. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना बंद पडून काही वर्षे लोटली.

ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हाइडेके यांच्या रोलायफ्लेक्सची कथा या दृष्टीने विशेष बोधक आहे. १९२९ साली हा दोन भिंगांचा कॅमेरा निघाला, तेव्हा त्यात १२० नव्हे तर ११७ क्रमांकाचा सहा चित्रांचा रोल बसे. लवकरच कारखान्याने १२० स्वीकारले, आणि पहिल्या नमुन्यांतील काहींमध्येही मागाहून तसा फेरफार करून घेण्यात आला. ज्यांच्यात फेरफार झाला ते कॅमेरे चालू राहिले. ज्यांच्यात झाला नाही ते संग्रहालयाच्या योग्यतेचे झाले. पुढील तीस वर्षे वृत्तछायाचित्रकारांचे हे आवडते साधन होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९४२ नंतर दिल्लीत काम करणाऱ्या होमाई व्यारावाला यांची कित्येक चित्रे रोलायफ्लेक्सवर घेतलेली आहेत. चेहऱ्यासमोर कॅमेरा न धरता कमरेशी धरून, मान लववून पाहावयाचे असल्यामुळे समोरच्या माणसाशी छायाचित्रकाराचे नाते बदलते. जुना रोलायफ्लेक्स आज प्रथमच हाती घेणारे याच अनुभवाचा उल्लेख करतात.

आता जी मापे लोपली त्यांच्याकडे पाहावे. ६२० हा रोल १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत निघाला. त्यातील फिल्म आणि कागद १२० च्याच रुंदीचे; केवळ रीळ बारीक. १२७ हा लहान रोल १९१२ पासूनचा. कोडॅकने १९९५ साली हे दोन्ही बंद केले. १९६३ ची १२६ ची डबी, १९८२ ची पंधरा चित्रांची गोल चकती आणि १९९६ साली कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन, मिनोल्टा या पाच कंपन्यांनी मिळून काढलेली एपीएस पद्धत ही सारी एकामागून एक अस्तास गेली. एपीएस तर यंत्रदृष्ट्या सर्वांत पुढारलेली होती. डबी घातली की फिल्म आपोआप चढे, आणि प्रत्येक चित्राविषयीची माहिती फिल्मवरील चुंबकीय थरात नोंदली जाई. २०११ साली तिची फिल्म थांबली आणि पंधरा वर्षांचेही आयुष्य न लाभलेले ते सुबक कॅमेरे निरुपयोगी झाले. याउलट १९३२ चा लायका त्या वेळीही चालत होता आणि आजही चालतो.

येथे मोडी लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पेशवे दफ्तरातील रुमाल शाबूत आहेत, शाई फिकी पडलेली नाही, कागद बळकट आहे; कमी झाले ते वाचणारे. वस्तू टिकणे आणि वस्तूचा व्यवहार टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ६२० च्या कॅमेऱ्यांचे हौशी मालक अंधारात बसून १२० ची फिल्म बारीक रिळावर गुंडाळून घेतात, आणि १२७ चे मालक १२० ची फिल्म कापून बारीक करतात. हे उद्योग कौतुकास्पद खरे, पण त्यांची तुलना लिप्यंतराशीच होऊ शकेल. चालत्या लिपीशी नव्हे.

माप जिवंत असले तरी प्रश्न संपत नाही, कारण संग्राहक आणि वापरणारा यांचे हित एक नाही. संग्राहकाला वस्तू मुळाबरहुकूम हवी. वापरणाऱ्याला ती चालती हवी. एकाला बदललेला पडदा हा दोष वाटतो, दुसऱ्याला न बदललेला. मूळ वस्तूची किंमत किती चढू शकते याचे उदाहरण १९२३ च्या चाचणीच्या लायकांत आहे. त्यांतील १२२ क्रमांकाचा नमुना २०१८ साली व्हिएन्नात २४ लाख युरोला विकला गेला. बार्नाकने स्वतः वापरलेल्या १०५ क्रमांकाच्या नमुन्यास जून २०२२ मध्ये वेट्झलार येथील लिलावात १ कोटी ४४ लाख युरो मिळाले. एवढ्या किमतीच्या कॅमेऱ्यात कोणी रोल भरणार नाही. मूळपणाचा असा मोबदला मिळू लागला की बनावटही आलीच. फेड आणि १९४८ नंतरचा झोर्की या रशियन कॅमेऱ्यांवरील नाव खोडून, त्यावर लायकाचे नाव आणि जर्मन लष्करी चिन्हे कोरून ते विकण्याचा धंदा पुष्कळ चालला. यातून एक गमतीची गोष्ट निष्पन्न झाली: फेड हा प्रामाणिकपणे आपल्या नावाने चित्रे काढणारा साधा कॅमेरा होता; खोटे नाव कोरल्यावर तो शोभेची वस्तू बनला.

कॅमेरा जपून ठेवला म्हणजे टिकतो ही समजूत अनुभवाने खरी ठरत नाही. शटरमधील तेल वर्षानुवर्षे हलले नाही तर घट्ट होते, आणि मंद वेगाच्या पायऱ्या अडखळू लागतात. रबर लावलेल्या रेशमी पडद्याला चिरा पडतात. मागचे झाकण प्रकाशबंद करणारा फोम विरघळून चिकट होतो. आपल्याकडे कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेने भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते. चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती लवकर धरते, कारण चामडे ओल शोषून ठेवते. उन्हावाऱ्यात नेला जाणारा, वरचेवर उघडला जाणारा कॅमेरा या व्याधीपासून पुष्कळ अंशी दूर राहतो. यास्तव वापर हा जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत झीज आणि जतन दोन्ही होय.

विजेवर चालणाऱ्या अवयवांची अडचण वेगळी आहे. १९६० नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे अशा सेलवर बंदी आली. अमेरिकेत तसा कायदा १९९६ साली झाला. आता त्या जागी श्रवणयंत्रातील जस्त-हवेचे सेल बसवून काम भागविले जाते. ज्यांत असा काही अवयवच नाही असे पूर्णतः यांत्रिक कॅमेरे मात्र या फेऱ्यातून सुटले. त्यांना प्रकाश मोजणारा माणूस पुरतो. निरभ्र उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनांकाइतका, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग ठेवावा, हा जुना नियम आजही तंतोतंत उपयोगी पडतो. वापरणाऱ्यांच्या आकर्षणाचे एक सबळ कारण येथे सापडते. असा कॅमेरा आपले काम झाकून ठेवत नाही. कडी फिरविली की काय सरकते, कळ दाबली की काय सुटते, हे बोटांना समजते, आणि बिघडल्यास कुशल हात तो खोलून पुन्हा जोडू शकतो. परंतु असे हात कमी होत चालले आहेत. कारखान्यांत तयार झालेले दुरुस्तीकार वृद्ध झाले, सुट्या भागांचा पुरवठा थांबला, आणि एक चालता कॅमेरा करण्यासाठी दोन मोडके कॅमेरे खर्ची घालण्याची वेळ आली. फिल्म मिळत राहिली तरी ही विद्या खंडित झाल्यास परिणाम तोच होईल.

फिल्मच्या चाहत्यांकडून तिच्या 'सत्या'विषयी जे बोलले जाते ते मात्र तपासून घ्यावयास हवे. निगेटिव्हवर पेन्सिल आणि कुंचला चालविणे हा जुन्या फोटो स्टुडिओंतील नित्याचा उद्योग होता. सुरकुत्या घालविण्यासाठी अंकीय यंत्राची वाट कोणी पाहिली नव्हती. फिल्मचा खरा विशेष सत्यात नसून मर्यादेत आणि विलंबात आहे. डबीत ३६ चित्रे, रोलमध्ये बारा; आणि काय आले हे धुऊन आणीपर्यंत कळावयाचे नाही. मराठीत फोटो 'काढतात' आणि रोल 'धुवावयास टाकतात'. पहिले क्रियापद चित्रकाराकडून आले, दुसरे घरकामातून. अंकीय कॅमेऱ्याने पहिले ठेवले आणि दुसऱ्याची गरज नाहीशी केली. जुना कॅमेरा वापरणाऱ्या तरुणांच्या तोंडी ते पुन्हा ऐकू येते.

फिल्मचा पुरवठा अखंड राहील याची खात्री एका काळी कोणीही देऊ शकले नसते. २००४ साली इंग्लंडमधील इलफोर्ड दिवाळखोरीच्या दारात गेली. पुढल्या वर्षी तिच्याच व्यवस्थापकांनी कृष्णधवल फिल्मचा कारखाना विकत घेऊन चालू ठेवला. २००८ साली पोलरॉइडने तत्काल चित्रांची फिल्म थांबविली, तेव्हा हॉलंडमधील एन्स्खेडे येथील यंत्रसामग्री काही उत्साही मंडळींनी वाचविली. मूळ रसायने मिळेनाशी झालेली असल्याने त्यांना ती फिल्म जवळजवळ नव्याने शोधून काढावी लागली, आणि २०१० साली ती बाजारात आली. कोडाक्रोमला असे कोणी भेटले नाही. १९३५ पासूनची ही रंगीत फिल्म २००९ साली बंद झाली. तिचे रंग धुताना भरले जात असल्यामुळे ते किचकट काम थोड्याच प्रयोगशाळांना साधे. त्यांतील शेवटच्या, कॅन्सस राज्यातील पार्सन्स येथील प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. त्यानंतर सापडलेल्या रोलवर रंगीत चित्र येणे नाही. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. या आपत्तीतून रॉचेस्टरचा फिल्मचा कारखाना तगला, याचे एक महत्त्वाचे कारण हॉलिवूडच्या मोठ्या चित्रसंस्थांनी फिल्म घेत राहण्याचे केलेले करार हे आहे. बार्नाकने ज्या व्यवसायाची पट्टी उचलली, त्याच व्यवसायाने शंभर वर्षांनंतर ती तारली.

मागणीच्या बाजूने पाहता, व्हिएन्नातील काही विद्यार्थ्यांनी १९९१ साली प्रागमध्ये लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा एक स्वस्त कॅमेरा पाहिला आणि पुढील वर्षी त्याच्या चाहत्यांची संस्था काढली. जुन्या कॅमेऱ्यांच्या नव्या पिढीचा आरंभ पुष्कळदा तेथून मानतात. त्या वेळी फिल्म सर्वत्र मिळत होती, हे विसरता कामा नये. २०१० नंतरची मागणी टंचाईत वाढली, म्हणून ती अधिक लक्षणीय आहे. २०२२ साली लायकाने १९८४ चा एम ६ हा यांत्रिक नमुना पुन्हा बनविण्यास घेतला. त्यावर १९५४ पासूनची सर्व एम भिंगे बसतातच. पण लहानसे कडे लावले की १९३० नंतरच्या दशकातील फिरकीची भिंगेही बसतात. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानच्या पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढण्याचा संकल्प जाहीर केला. फिल्म पुढे सरकविणाऱ्या कडीची रचना तरुण अभियंत्यांपैकी कोणी केलेली नव्हती. जुने आराखडे होते, पण आराखड्यात न लिहिलेल्या गोष्टींसाठी कंपनीने आपल्या निवृत्त अभियंत्यांचे साह्य घेतले. २०२४ साली पेंटॅक्स १७ तयार झाला. त्याची चौकट १७ × २४ मिलिमीटर आहे. म्हणजे बार्नाकने दुप्पट करण्यापूर्वीची चित्रपटाची चौकट जवळजवळ जशीच्या तशी परत आली आहे. डबी मात्र १९३४ चीच, आणि तीत ३६ ऐवजी ७२ चित्रे निघतात.